बेसमेंटमधला दिवा

१

रोज सकाळी चहाच्या आधी शरदचंद्र बेसमेंटमध्ये उतरत. एका हातात टॉर्च, दुसरा कठड्यावर, पायांत लोकरी मोजे. त्यांची सून ऊर्मी याला 'बाबांचं इन्स्पेक्शन' म्हणायची. म्हणेना का. पिंपरीच्या कारखान्यात चौतीस वर्षं बॉयलर सांभाळलेल्या माणसाला घरचा बॉयलर बघितल्याशिवाय चहा गोड कसा लागणार?

बॉयलर जुना होता. लंडनच्या, म्हणजे कॅनडातल्या ऑन्टॅरिओच्या लंडनच्या, त्या भागात विटांची जुनी घरं पुष्कळ आहेत. शेजारीपाजारी गरम हवा सोडणाऱ्या फर्नेस आल्या होत्या, पण या घरात अजून बॉयलरमध्ये पाणी तापायचं आणि पाइपांतून खोल्याखोल्यांतल्या लोखंडी रेडिएटरांत फिरायचं. बॉयलरच्या पोटाशी काडेपेटीएवढी एक काच होती. तिच्यातून आतली पायलटची ज्योत दिसायची. करंगळीच्या पेराएवढी, निळी, टोकाला जराशी पिवळी. ही ज्योत रात्रंदिवस जळत असते, आणि थर्मोस्टॅटने सांगितलं की तिच्यावरून मोठा बर्नर पेटतो.

शरदचंद्र गुडघा धरून वाकत, ज्योत बघत आणि दोन शब्द पुटपुटत. काय पुटपुटतात ते घरात कुणी विचारलं नव्हतं. म्हातारा माणूस आहे, देवाचं काहीतरी म्हणत असेल.

जानेवारीतल्या एका मंगळवारी ते वाकले तर ज्योत अर्ध्यावर आलेली. गॅसचा दाब कमी झाला की ज्योत लहान होते, पिवळी पडते, आचके देते. त्यात नवल नव्हतं. पण ही ज्योत कलली होती. ज्योत कलते ती वाऱ्याने, आणि झाकणाआड, काचेमागे वारा शिरणार कुठून? ती कललेली राहिली, मग सरळ झाली, मग पुन्हा कलली. जवळ तोंड नेऊन कुणी सावकाश श्वास ओढत असावं, अशी. शरदचंद्रांनी चष्मा पुसला. चष्मा स्वच्छच होता.

वर थर्मोस्टॅट एकवीसवर होता आणि घर सोळावर. पूर्वी या घरात थर्मोस्टॅट अठराच्या वर जात नसे. चित्रा, त्यांची बायको, गेल्या फेब्रुवारीत गेली, तेव्हापासून तो एकवीसवर होता. तो त्यांनी स्वतःच वाढवला होता आणि त्यावर घरात कुणी बोलत नसे.

"बाबा, हात किती गार पडलेत तुमचे," कप देताना ऊर्मी म्हणाली.

"वय झालं, दुसरं काय."

उन्मेष, त्यांचा मुलगा, बुटांच्या नाड्या बांधत होता. "मी दोन वर्षं सांगतोय, रिप्लेस करून टाकू. नवीन मॉडेल येतं, हाय-एफिशियन्सी, पायलटची भानगडच नाही. तुम्हीच ऐकत नाही, बाबा."

"बॉयलरला काही झालेलं नाही. गॅसचं प्रेशर कमी येतंय. टेक्निशियन बोलव."

"बोलावतो. पण यंदाच्या समरमध्ये हा जाणार हं."

शरदचंद्रांनी कप उचलला. हा बॉयलर त्यांना जाऊ द्यायचा नव्हता. त्याचं कारण त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

२

दुपारी टेक्निशियन आला, गुरमीत. मोठा, हसरा, पन्नाशीचा सरदार. गुरमीतची हिंदी पंजाबीकडे झुकलेली आणि शरदचंद्रांची मराठीकडे, पण बॉयलरची भाषा दोघांची एकच होती. पंधरा मिनिटांत दोघांचं जमलं.

गुरमीतने आधी बाहेरच्या भिंतीवरच्या मीटरपाशी गॅसचा दाब मोजला, हा दाब इंचांत मोजतात, मग बेसमेंटमध्ये येऊन बॉयलरपाशी.

"अंकलजी, मीटर पे सात इंच. एकदम सही. और यहाँ देखो, तीन. बीच में चार इंच कहाँ गया?"

दोघांनी मिळून शोध घेतला. रेग्युलेटरवर बर्फ धरला होता का? नव्हता. एखादा व्हॉल्व्ह अर्धवट बंद? नव्हता. गुरमीतने प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावलं. एक बुडबुडा आला नाही. वास हुंगणारं यंत्र पाइपभर फिरवलं, ते गप्प. मग त्याने स्टोव्ह बंद केला, पाण्याचा हीटर बंद केला, बॉयलरचा बर्नर बंद केला. राहिली ती फक्त पायलटची ज्योत. तिला गॅस लागतो तो किती, मीटरचा छोटा काटा हललेला दिसूही नये.

काटा फिरत होता. चांगला, डोळ्यांना दिसेल असा फिरत होता.

"लीक होता तो मेरी मशीन चिल्लाती," गुरमीत म्हणाला. "गैस निकल नहीं रही. जल रही है. कहीं कोई जला रहा है. ऊपर फायरप्लेस है?"

"नहीं है."

"तो फिर ऊपर आंटीजी से पूछ लो ना. शायद उन्होंने स्टोव फिर चालू किया हो."

"कौन आंटीजी?"

"आपकी मिसेस. अभी तो आवाज आयी, दराज खोलने की."

शरदचंद्रांनी हातातला साबणाचा डबा खाली ठेवला. उन्मेष आणि ऊर्मी कामावर होते. सहा वर्षांची नात अबोली शाळेत होती.

"ऊपर कोई नहीं है, गुरमीतजी."

गुरमीत हसला. मग त्याने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसणं थांबवलं. हत्यारं भराभर पेटीत गेली. शुक्रवारी गॅस कंपनीच्या माणसाला घेऊन येतो, असं म्हणाला. जाताना त्याने चहालाही नाही म्हटलं, आणि चहाला नाही म्हणणाऱ्यांतला तो दिसत नव्हता.

३

शरदचंद्र हिशेबी बुद्धीचे. आवाज आला म्हणजे लाकूड आक्रसलं असेल. थंडीत लाकूड आक्रसतं, जुनं घर बोलतं. त्यांनी खोल्याखोल्यांत जाऊन रेडिएटरना हात लावला. हॉल, गार. उन्मेषची खोली, गार. अबोलीची खोली सगळ्यात गार, तिथे तर पडद्याआड काचेवर आतून बर्फाची नक्षी धरली होती.

तळमजल्यावर मागच्या बाजूला एक खोली होती. ती त्यांची आणि चित्राची. एप्रिलपासून ती बंद होती आणि ते स्वतः वरच्या छोट्या खोलीत झोपत. तिथल्या रेडिएटरचा व्हॉल्व्ह त्यांनीच आपल्या हाताने घट्ट फिरवून बंद केला होता. त्या रेडिएटरला पाणी जाण्याचा प्रश्नच नव्हता.

दार उघडलं आणि उबेचा झोत तोंडावर आला. त्यांनी रेडिएटरवर हात ठेवला आणि चटका बसून मागे घेतला. व्हॉल्व्ह पाहिला. बंद होता. आणखी फिरवून पाहिला, तो फिरायला जागाच नव्हती.

गादी काढून घेतलेला पलंग. भिंतीशी ओढायच्या चार खणांचं कपाट. वरचा खण जरा वाकडा होता, उघडताना खर्रर्र आवाज करायचा. चारही खण आता रिकामे होते. एप्रिलमध्ये ऊर्मी आणि तिची मैत्रीण रश्मी यांनी सगळं आवरलं. साड्या नात्यात गेल्या. स्वेटर आणि शाली दोन काळ्या पिशव्यांत भरल्या. "एक तरी स्वेटर ठेवा, बाबा, आठवण म्हणून," ऊर्मी म्हणाली होती. "बघवत नाही," असं म्हणून शरदचंद्रांनी त्या पिशव्या स्वतः उचलल्या आणि ग्रोसरीच्या दुकानासमोरच्या डोनेशन बॉक्समध्ये टाकून आले.

ते रिकाम्या पलंगावर बसले. खरं सांगायचं तर त्यांना भीती वाटली नाही. त्यांना आनंद झाला, आणि तो इतका झाला की डोळ्यांत पाणी आलं.

"बरं वाटतंय ना आता?" ते खोलीला म्हणाले.

४

चित्राला थंडी सोसत नसे. चार वर्षांपूर्वी दोघं कायमची मुलाकडे आली, तेव्हापासून तिचं एकच गाऱ्हाणं. अहो, थंडी वाजते. त्यावर शरदचंद्रांचं एकच उत्तर. स्वेटर घाल, चित्रा. अंगाला सवय लागली पाहिजे, घरात अठरा डिग्री पुष्कळ झालं, गॅस काय नळाचं पाणी आहे का, असं ते ऐकवत. उन्मेषने थर्मोस्टॅट वर केला की हे मागून जाऊन खाली आणत. चित्रा कधी उलट बोलली नाही. उठायची, वरचा खण उघडायची, आणखी एक स्वेटर चढवायची.

शेवटच्या रात्रीही तेच. "अहो, थंडी वाजते," ती अंधारात म्हणाली. शरदचंद्रांनी भिंतीकडे तोंड करूनच सांगितलं, "स्वेटर घाल, चित्रा." खण वाजला. ती परत येऊन आडवी झाली. सकाळी ती गेलेली होती, दोन स्वेटर आणि शाल अंगावर असतानाच. डॉक्टर म्हणाले, हार्ट. थंडीचा काही संबंध नाही. डॉक्टरांचं बरोबरच असेल. पण शरदचंद्रांच्या मनाने ते कधी मानलं नाही.

माणूस गेलं की त्याच्या जागेवर दिवा लावतात आणि दहा दिवस तो विझू देत नाहीत. शरदचंद्रांचा कर्मकांडावर विश्वास नव्हता, पण हा दिवा त्यांनी हट्टाने लावला. पहिल्याच संध्याकाळी स्मोक अलार्म किंचाळायला लागला, अबोली रडायला लागली. लाकडी जिने, लाकडी जमिनी, खिडकीला पडदे. उन्मेषने घाबरून दिव्यावर वाटी उपडी घातली.

"बाबा, सॉरी. आपण बॅटरीवालं कँडल ठेवू."

शरदचंद्र मुलावर ओरडले नाहीत. ते उठून बेसमेंटमध्ये गेले. बॉयलरसमोर बसले आणि काचेतल्या ज्योतीकडे बघत राहिले. ही विझत नाही. हिला कुणी वाटी घालणार नाही. अबोली सशाचं खेळणं घेऊन मागोमाग आली होती, ती पायरीवर उभी होती.

"हा आजीचा दिवा," ते तिला म्हणाले. "ये. हात जोड. म्हण माझ्याबरोबर. आम्ही आहोत तोवर तुला विझू देणार नाही."

पोरीने हात जोडले. अडखळत, त्यांच्यामागून, ती ते सगळं वाक्य म्हणाली. आणि वर आपलं म्हणून जोडलं, "वी प्रॉमिस, आजी."

दहाव्या दिवशी पुण्याच्या गुरुजींनी व्हिडिओ कॉलवर विधी सांगितले. शेवटी विचारलं, "दिवा शांत केलात ना?" म्हणजे निरोप देऊन, हात जोडून, जा म्हणून. शरदचंद्र म्हणाले, "केला." आयुष्यात फार थोड्या वेळा खोटं बोललेला माणूस तो. अकराव्या दिवशी सकाळी ते बेसमेंटमध्ये उतरले, ज्योतीपुढे वाकले आणि पुटपुटले, "आहोत आम्ही." तेव्हापासून एक सकाळ चुकली नव्हती.

५

बुधवारी संध्याकाळी अबोली सापडेना. ऊर्मी हाका मारून थकली. शरदचंद्रांना ती मागच्या खोलीत सापडली, उघड्या पलंगावर, क्रेयॉन पसरून बसलेली.

"इट्स वॉर्म इन हिअर, आजोबा."

"चल बाहेर, बाळ."

"बट आजी इज स्टिल कोल्ड."

त्यांनी तिचा हात धरला. खोलीत घाम फुटावा अशी ऊब होती, आणि तो हात नळाखाली धरलेल्या भांड्यासारखा गार होता. आपले हातही तसेच आहेत, हे तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी तो विचार पुढे जाऊ दिला नाही. पोरं बर्फात खेळतात, हात गार होणारच. त्यांनी खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. त्या खोलीबद्दल ते घरात कुणाशी बोलले नाहीत. बोलले असते तर उन्मेषने त्याच दिवशी बॉयलर उपटून टाकला असता.

गुरुवारी अबोली शाळेत गेली नाही. ऊर्मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते, तिला मोजल्याशिवाय चैन पडत नाही. थर्मामीटर लावला, सदतीस हवं तिथे पस्तीस पॉइंट एक.

"हा बिघडलाय बहुतेक," ती म्हणाली. दुसरा आणला. पस्तीस. "उन्मेष, हे नॉर्मल नाहीये रे."

क्लिनिकमध्ये सांगितलं की व्हायरल असेल, उबदार ठेवा. उन्मेष दोन इलेक्ट्रिक हीटर घेऊन आला. ते लालभडक झाले, पण हात दोन वितींवर नेला तर काही जाणवेना. तीन ब्लँकेटांखाली अबोली कुडकुडत होती आणि अधूनमधून छताकडे बघत होती.

त्या दिवशी दोनदा शरदचंद्र कुलूप काढून मागच्या खोलीत गेले आणि रेडिएटरजवळ बसले. ही ऊब कुणाच्या अंगातून येतेय ते आपल्याला आता कळलंय आणि आपण गप्प बसलोय, हे त्यांना स्वतःशी कबूल करावंच लागलं. बुद्धी म्हणत होती, असं काही नसतं. असं काही नसेल, तर मग कुणाला सांगायचं कशाला? माणसाची बुद्धी त्याच्याच बाजूने साक्ष देते. वर नात कुडकुडत होती, आणि हे खाली बायकोला सांगत होते की आता बस निवांत, आता कुणी थर्मोस्टॅट खाली आणणार नाही.

शुक्रवारी सकाळी अबोलीचे ओठ निळसर दिसले. शरदचंद्रांनी तिच्या पायाला हात लावला आणि मग मात्र ते तडक उन्मेषकडे गेले. त्याला म्हणाले, "तिला इथून घेऊन जा. आत्ताच्या आत्ता. रश्मीकडे जा."

"आणि तुम्ही?"

"घर बंद ठेवायचं तर पाइपांतलं पाणी काढावं लागेल, नाहीतर गोठून फुटतील. ते मला येतं. संध्याकाळी येतो मी."

दुपारी गुरमीत आला, गॅस कंपनीचा माणूस घेऊन. रस्त्यावरचा दाब ठीक होता. मीटरचा काटा मात्र मंगळवारपेक्षा जोरात फिरत होता. कंपनीच्या माणसाने डोकं खाजवलं, कारण सापडेपर्यंत चालू ठेवता येणार नाही म्हणाला, आणि मीटरपाशी गॅस बंद करून व्हॉल्व्हला कुलूप घातलं. बॉयलरला 'वापरू नये' असा लाल टॅग बांधला.

गुरमीत दारात थांबला. "अंकलजी, आप भी निकल जाओ. मेरी बात मानो."

"हाँ, हाँ. बस, पानी निकाल के."

६

तीन वाजले होते. बाहेर बर्फ भुरभुरत होता आणि खिडक्यांतून पांढरा, मेलेला उजेड आत येत होता. शरदचंद्रांनी बॉयलरच्या तळाला रबरी नळी लावली आणि पाणी जमिनीतल्या जाळीकडे सोडलं. हे काम हाताचं होतं, त्यात बरं वाटलं. गॅस बंद झाला म्हणजे ज्योत विझली असणार. वाकून बघायचा धीर त्यांना होत नव्हता. आपल्याला हे आपल्या हाताने करावं लागलं नाही, परक्या माणसाने कुलूप घातलं, याचं त्यांना बरंही वाटत होतं आणि लाजही.

पाणी ओसरल्यावर ते वाकले.

ज्योत होती. सरळ, निळी, चांगली बोटभर उंच. इतकी सुरेख ती कधीच जळली नव्हती.

पाइपात उरलेला गॅस, ते मनाशी म्हणाले. पाच मिनिटं जळेल. त्यांनी घड्याळ लावलं. पाच मिनिटं झाली, वीस झाली. बाहेर जाऊन त्यांनी मीटर पाहिला. व्हॉल्व्ह आडवा, कुलूप जागेवर, काटा निश्चल. परत आले. ज्योत होतीच. पाऊण तास झाला तेव्हा त्यांनी पाइपाचं, उरलेल्या गॅसचं गणित सोडून दिलं. चौतीस वर्षांत त्यांनी सोडलेलं ते पहिलं गणित.

त्यांनी तळहात काचेवर ठेवला. काच गरम नव्हती. उलट हातातली ऊब निघून चालली, मनगट, कोपर, खांदा. ज्योत आणखी उंच झाली. असं आहे तर, ते मनात म्हणाले. आणि त्यांना शांत वाटलं. आम्ही आहोत तोवर, असं आपणच म्हटलं होतं. मग घे. तीन वर्षं तुला अठरा डिग्रीत ठेवलं, आता माझं सगळं घे.

फोन वाजला. उन्मेषचा आवाज त्यांना आधी ओळखूच आला नाही.

"बाबा, अबोलीचं टेंपरेचर चौतीसच्या खाली गेलंय. ॲम्ब्युलन्स बोलावलीय. रश्मीचा कॉन्डो इतका गरम आहे की आम्ही सगळे घामाघूम झालोय, आणि ही... बाबा, ती सारखी 'आय प्रॉमिस्ड, आय प्रॉमिस्ड' म्हणतेय. काय प्रॉमिस केलंय तिने? तुम्हाला काही माहितीये का?"

शरदचंद्रांनी फोन बाजूला ठेवला. तो चालूच होता. ऊर्मीचा रडण्याचा आवाज त्यातून बारीक येत राहिला.

आम्ही. मी नाही, आम्ही. पाच वर्षांच्या पोरीला हात जोडायला लावले होते त्यांनी.

"चित्रा, तिला सोड," ते काचेला म्हणाले. "लेकरू आहे ते. माझं घे."

ज्योत कलली, सरळ झाली. कलली, सरळ झाली. त्यांनी पायलटची कळ बंद केली. झाकण काढून फुंकर मारली, पुन्हा मारली, छाती दुखेपर्यंत मारली. ज्योत फुंकरीच्या उलट, त्यांच्याच तोंडाकडे कलत होती. त्यांनी हातातल्या झाकणासकट हात जोडले. "जा आता. दिवा शांत झाला. जा." गुरुजींनी सांगितलं होतं तसं सगळं म्हटलं. अकरा महिने उशिरा म्हटलेल्या त्या शब्दांनी काही झालं नाही.

मागे जिन्याची पायरी वाजली.

"अहो."

ते वळले नाहीत. हातातल्या झाकणाच्या काचेत त्यांचा चेहरा दिसत होता आणि त्यांच्या खांद्यामागे जिन्याचा खालचा भाग. तिसऱ्या पायरीवर दोन पावलं होती. उघडी, राखाडी, एकावर एक घासणारी, थंड फरशीवर उभं राहिल्यावर माणूस घासतो तशी. त्यावर पुण्याहून आणलेल्या तिच्या गाऊनची कड. त्याच्या वर काचेत काही मावत नव्हतं, आणि त्यांनी काच वर केली नाही.

"अहो, थंडी वाजते."

तोच आवाज. तक्रार नव्हती त्यात, कधीच नसायची. नुसतं सांगणं. वर्षभर हा आवाज पुन्हा एकदा ऐकायला मिळावा म्हणून ते तडफडले होते. ऐकायला मिळाला तर काय म्हणायचं तेही ठरवून ठेवलं होतं. ये, माझ्या पांघरुणात ये. थर्मोस्टॅट वाढवतो. चुकलं माझं. हे सगळं त्यांच्या ओठांवर होतं.

फोनमध्ये ऊर्मी किंचाळली. "उन्मेष, ही डोळे उघडत नाहीये."

या घरात एक वाक्य असं होतं की त्याच्यापुढे ती कधी बोलली नाही. त्या वाक्याने तिचं मागणं संपायचं. शरदचंद्रांना ते ठाऊक होतं. त्यांनी डोळे गच्च मिटले. भिंतीकडे तोंड करून, मान न वळवता, अगदी पूर्वीसारखं ते म्हणाले,

"स्वेटर घाल, चित्रा."

मागे काही क्षण काहीच हललं नाही. मग पायरी वाजली, तिच्या वरची वाजली.

त्यांनी डोळे उघडले. ज्योत नव्हती. काळं, गार लोखंड होतं फक्त, आणि विझलेल्या वातीचा वास, तेलातल्या वातीचा.

"बाबा? बाबा, आहात का?" उन्मेष फोनमध्ये रडत होता. "तिने डोळे उघडले. पाणी मागतेय. ब्लँकेट नको म्हणतेय, गरम होतंय म्हणतेय. ॲम्ब्युलन्सवाले आलेत. बाबा, ऐकताय ना?"

"ऐकतोय," शरदचंद्र म्हणाले.

ते ऐकत होते. वर, मागच्या खोलीत, वाकडा खण उघडला, खर्रर्र. खोलीच्या दाराला कुलूप होतं आणि किल्ली त्यांच्या खिशात होती. मग दुसरा खण उघडला. मग तिसरा. मग सगळ्यात खालचा, ज्यात ती शाली ठेवायची.

बराच वेळ शांतता होती. त्यांना दोन काळ्या पिशव्या आठवल्या, आणि डोनेशन बॉक्सच्या झडपेचा आवाज.

मग वर पुन्हा पहिला खण उघडला.